थांबण्याची विद्या

वेगाचे कौतुक करावयास मनुष्याला शिकवावे लागत नाही. रस्त्याने एखादी मोटारसायकल भरधाव गेली की मुले खेळ टाकून तिच्याकडे पाहत राहतात. तिचे इंजिन किती शक्तीचे, ती तासाला किती किलोमीटर धावते, हे प्रश्न त्यांच्या ओठांवर तयारच असतात. ती किती अंतरात थांबते, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. गाडी विकत घेणारे मोठे लोकही टाकीवरून हात फिरवतात, रंग पाहतात, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतात. चाकाच्या पोटात दडलेल्या ब्रेकची आठवण त्यांना क्वचितच होते. जो भाग आपले काम निमूटपणे करतो त्याचा विसर पडावा, हा जगाचा न्यायच आहे. तथापि चालू गाडी मध्येच बंद पडली, तर फार तर प्रवास खोळंबतो. चालू गाडी थांबेनाशी झाली, तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

ब्रेक आपोआप चांगले राहत नाहीत. त्यांची राखण करावी लागते, आणि काही गावांत ती जरा अधिकच करावी लागते. पालघर जिल्ह्यातील केळवे हे अशा गावांपैकी एक होय. पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्थानकावर उतरून पश्चिमेची वाट धरली, म्हणजे शेते आणि खाजण मागे टाकीत मनुष्य या गावात येऊन पोहोचतो. समोर विस्तीर्ण समुद्र, किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची दाट रांग, आणि तिच्या आडोशाला नारळी-पोफळींच्या व पानवेलींच्या हिरव्यागार वाड्या. शीतलादेवीच्या दर्शनाला आणि समुद्रस्नानाला येथे मुंबईकरांची नित्य वर्दळ असते. पाहुण्यांना येथील वारा सुखाचा वाटतो. लोखंडाला मात्र तो मुळीच मानवत नाही.

लाटा फुटताना खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर घराघरांत शिरतात. पाणी सुकते, मीठ तेवढे मागे राहते. हे मीठ पुन्हा हवेतील ओल ओढून घेते आणि धातूवर खाऱ्या पाण्याचा एक अदृश्य पापुद्रा सदैव पसरून ठेवते. त्यामुळे खिडक्यांचे गज, विहिरीवरील पंपाचे नट, सायकलींच्या साखळ्या येथे लवकर तांबूस होतात. पावसाळ्यात कोकणचा मुसळधार पाऊस त्या कामास हातभार लावतो. ज्याला या गावात एखादे यंत्र दीर्घकाळ टिकवावयाचे असेल त्याने समुद्राशी कायमचे वैर पत्करले आहे, असे समजावयास हरकत नाही.

अशाच एका वाडीतील घर क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. पुढे शेणाने सारवलेले अंगण, मागे पोफळी, आणि पडवीत पोत्याखाली झाकून ठेवलेली एक जुनी बुलेट मोटारसायकल. या गाडीचे कुळ मूळचे इंग्लंडातील रेडिच गावचे. भारतीय सैन्याला खडतर रस्त्यांवर टिकणारी गाडी हवी होती. त्या निमित्ताने १९५५ साली मद्रास येथे तिची जोडणी सुरू झाली. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडातील उत्पादन थांबले, पण मद्रासचा कारखाना चालूच राहिला. आणि पाहुणी म्हणून आलेली ही गाडी इथलीच होऊन बसली. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांची तिच्यावर विशेष प्रीती. जुन्या बुलेटचा आणखी एक विशेष असा की, तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. आजच्या गाड्यांत नेमके उलट असते. नव्या गाडीची सवय झालेला मनुष्य जुन्या बुलेटवर बसला आणि संकटसमयी त्याचा उजवा पाय खाली गेला, तर गाडी थांबण्याऐवजी गिअर बदलतो. जुन्या यंत्राशी ओळख करून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये, ते याचसाठी.

घरातील आजोबांनी तरुणपणी या गाडीवरून नाशिक पाहिले, कोल्हापूर पाहिले. आता त्यांची मजल माहीम, फार तर पालघरपर्यंतच. त्यांची नात बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी करते. तिने आजोबांपाशी बसून डाव्या पायाचा ब्रेक आणि उजव्या पायाचा गिअर अंगवळणी पाडून घेतला होता. पावसाळा सरला, आभाळ निवळले, आणि तिच्या मनाने घेतले की, या गाडीवरून पालघर, मनोर, विक्रमगड असे करीत जव्हारला जाऊन यावे.

“आजोबा, येत्या रविवारी गाडी नेऊ ना?” तिने विचारले.

“ने की. पण आधी ब्रेक उघडून पाहायचे.”

“उघडायचे कशाला? परवाच तर तुम्ही माहीमला जाऊन आलात. पॅडल ढिलं वाटलं म्हणून मी मागचा नट दोन आटे आवळलाय. आता कसं घट्ट लागतंय!”

आजोबा हसले. “अगं, नट आवळला म्हणजे ब्रेक घट्ट झाला. तो चांगला झाला का, हे चाक काढल्यावर कळेल.”

आजोबांचे बोलणे कोड्यासारखे वाटेल. परंतु ब्रेकच्या सर्व शास्त्राचे सार त्यात आले आहे. ते समजण्यासाठी चाकाच्या आत डोकावले पाहिजे. जुन्या मोटारसायकलच्या चाकाच्या मध्यभागी डब्यासारखे एक पोकळ गोल भांडे असते. त्याला ड्रम म्हणतात. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत, न फिरणाऱ्या एका तबकडीवर, चंद्रकोरीच्या आकाराचे धातूचे दोन तुकडे समोरासमोर बसवलेले असतात. हेच ब्रेकचे शू. प्रत्येक शूचे एक टोक एका पक्क्या खुंटीवर टेकलेले असते; दुसऱ्या टोकांच्या मध्ये कॅम नावाचा चपटा दांडा असतो. पायाने पॅडल दाबले की लोखंडी दांड्याच्या ओढीने हा कॅम वळतो आणि दोन्ही शूंना दूर ढकलतो. शूंच्या पाठीवर एक जाड अस्तर असते. कारागीर त्याला लायनर म्हणतात. ते लायनर फिरत्या ड्रमच्या आतील अंगावर घासले जाते, आणि चाकाची गती मंदावते. पाय उचलला की स्प्रिंगा शूंना पुन्हा जवळ ओढून घेतात. पुढच्या चाकाची रचनाही अशीच. फरक इतकाच की तेथे पॅडलऐवजी हाताची मूठ आणि दांड्याऐवजी तारेची केबल असते.

प्रत्येक वेळी गाडी थांबली की लायनर थोडेसे झिजते. झिजले की ड्रमपर्यंतचे अंतर वाढते आणि पॅडल अधिक खोल जाऊ लागते. म्हणून दांड्याच्या टोकाशी एक नट दिलेला असतो. तो आवळला की कॅम थोडा आधीच वळून राहतो आणि अंतर भरून निघते. ही सोय उत्तम खरी. परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. नट आवळल्याने झालेली झीज भरून येत नाही, ती केवळ झाकली जाते. पायाला ब्रेक पूर्वीसारखाच लागतो. आत मात्र लायनर कागदासारखे पातळ होत चाललेले असते. शेवटी कॅम इतका आडवा होतो की दाबणाऱ्या पायाचे बळ त्याच्यापर्यंत पुरते पोहोचत नाही.

हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ब्रेक दाबून धरावा आणि कॅमला जोडलेली बाहेरची आर्म व तिला ओढणारा दांडा यांतील कोन पाहावा. तो काटकोनाच्या जवळपास असावा, काटकोन ओलांडून पुढे गेलेला नसावा. दार उघडताना कडीला काटकोनात ओढले तर ते सहज उघडते, तिरके ओढले तर जोर वाया जातो. तोच नियम येथेही लागू आहे. काही गाड्यांत ही आर्म बारीक दात्यांवर बसवलेली असते. ती उपसून एक दाता मागे बसवली की कोन पुन्हा सुरेख दिसू लागतो. अशी क्लृप्ती करणारे आपल्याच नजरेला फसवीत असतात. वरचा देखावा सुधारला, पण आतील लायनर तसूभरही जाड झाले नाही. अशा ब्रेकमधील कॅम एखाद्या वेळी पुरता उलटून अडकतो आणि चाक जागच्या जागी जखडते.

नातीने पॅडल दाबले. आजोबांनी वाकून आर्मकडे बोट दाखवले. ती काटकोनाच्या बरीच पुढे झुकली होती, आणि दांड्यावरील आटेही संपत आले होते. नात काही बोलली नाही. तिने पान्यांची पिशवी आणली.

गाडी मोठ्या स्टँडवर उभी केली. साखळीचे लॉक काढले, ब्रेकच्या दांड्याचा नट सोडवला, ॲक्सल ओढून चाक बाहेर घेतले. तबकडी ड्रमपासून वेगळी होताच आतून करड्या रंगाची भुकटी सांडली. नात ती फुंकर मारून उडवणार, इतक्यात आजोबांनी तिचा हात धरला. ही भुकटी निरुपद्रवी नाही. पूर्वीच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज वापरीत असत. कारण ते उष्णतेने जळत नाही. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन रुततात आणि कित्येक वर्षांनी कर्करोगासारखे दुर्धर रोग उत्पन्न करतात. जुन्या ब्रेकची भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवणे म्हणूनच वर्ज्य आहे. तोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी, ओल्या फडक्याने भुकटी हळूच टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमध्ये जन्म घालवलेल्या कित्येक कारागिरांना ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

भुकटी निघाल्यावर खरी स्थिती दिसू लागली. एका शूवरील लायनर इतके झिजले होते की ते जखडून ठेवणारे रिव्हेट जवळजवळ पृष्ठभागाशी आले होते. आणखी थोडे दिवस गेले असते, तर धातूवर धातू घासून ड्रमला खोल चरे पडले असते. दुसरे लायनर जाड होते, पण काळेभोर आणि काचेसारखे गुळगुळीत. चाकातील ग्रीस अडवणारे सील म्हातारे झाले होते. त्यातून ग्रीस पाझरून लायनरमध्ये मुरले होते. नुसती चकाकी असती तर पॉलिश पेपरने घासून ती काढता आली असती. तेलकट झालेले लायनर मात्र पेट्रोलने कितीही धुतले तरी भरवशाचे होत नाही. वरून कोरडे दिसते आणि तापले की आतले तेल पुन्हा वर येते. कॅम तर खाऱ्या हवेने इतका गंजला होता की हाताने वळेना.

“एवढं सगळं आत होतं,” नात पुटपुटली, “आणि पायाला काही म्हणजे काही कळलं नाही!”

“माहीमचा रस्ता सपाट,” आजोबा म्हणाले. “सपाट रस्ता ब्रेकला अवघड प्रश्न विचारीत नाही.”

पुढचे चाक उघडले तेव्हा तेथील लायनर बरे निघाले. परंतु केबलने निराशा केली. मुठीच्या आतल्या बाजूला, केबलच्या शेवटच्या गोळ्याजवळ, तिच्या बारीक तारांपैकी काही तुटलेल्या होत्या. वास्तविक गाडी थांबवण्यात पुढच्या ब्रेकचाच वाटा मोठा असतो. गाडी मंदावू लागली की सारा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते आणि जोराने दाबले तर घसरते. चालत्या मोटारीने अचानक वेग कमी केला की आतील माणसे पुढे झुकतात, हे सर्वांनी अनुभवले आहे. त्या क्षणी स्वाराचे प्राण एका बोटाएवढ्याही जाड नसलेल्या तारेवर अवलंबून असतात.

रविवारचा बेत आपोआपच रहित झाला. नातीला वाईट वाटले. पण समोर पडलेले शू पाहून हट्ट धरण्याची तिची इच्छा उरली नाही. नवे शू, सील आणि केबल ती पालघरहून घेऊन आली. ड्रमच्या आत नखाने चाचपून पाहिले, तर बारीक चरे लागत होते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या कुशल हातांची वाण नाही; तेथे ड्रमचा आतील पृष्ठभाग अगदी हलकासा कातून एकसारखा करून घेतला. असे कातणेही मर्यादेतच शोभते. ठरलेल्या मापापलीकडे ड्रम मोठा झाला तर तो बदलावाच लागतो.

मधल्या काळात शू या शब्दावरून गोष्ट निघाली. शू म्हणजे जोडा. चाकाच्या पोटात जोड्याचे काय काम? पण एके काळी खरोखरीचे जोडे या कामी आले होते. इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्या उतारावरून येत, तेव्हा गाडीवान चाकावर लाकडी ठोकळा दाबून वेग आवरीत. नुसते लाकूड घसरे आणि जळे. म्हणून ते त्याला जुन्या बुटाचे चामडे ठोकीत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने ते पाहिले आणि अधिक टिकाऊ अस्तर करण्याचा ध्यास घेतला, असे सांगतात. १८९७ साली त्याने आपल्या प्रयोगांना आरंभ केला. त्यातून जी कंपनी उभी राहिली तिचे नाव त्याने स्वतःच्याच आडनावाच्या अक्षरांवरून फेरोडो असे ठेवले. पुढे १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने ड्रमचा ब्रेक प्रचारात आणला. जगातील असंख्य वाहनांना थांबवणारी ही विद्या गाडीवानांच्या फाटक्या बुटातून निघाली, हे ऐकून नातीला मोठी मौज वाटली.

सर्व सामान जमल्यावर जोडणी सुरू झाली. कॅम रॉकेलमध्ये भिजवून, घासून लख्ख केला आणि त्याला ग्रीसचे नुसते बोट लावले. येथे उदारपणा घातक ठरतो; जास्तीचे ग्रीस उष्णतेने वितळून लायनरवरच जाणार. नव्या केबलच्या वरच्या टोकाला कागदाचे नरसाळे करून बांधले आणि त्यात थेंब थेंब तेल सोडले. खालच्या टोकातून तेल डोकावेपर्यंत धीर धरला. खाऱ्या वाऱ्याला आत शिरू न देण्याचा हाच उपाय. चाक बसवताना ॲक्सलचा नट लगेच आवळला नाही. आधी नातीने पॅडल जोराने दाबून धरले, म्हणजे दोन्ही शू ड्रमला सारखे टेकून तबकडी आपोआप मध्यावर आली. मग आजोबांनी नट आवळला. तबकडीला जागच्या जागी धरून ठेवणारा बोल्ट त्यांनी दोनदा तपासला. तो सुटला तर चाकाबरोबर तबकडीही फिरू लागेल. शेवटी चाक हाताने फिरवून पाहिले. ते मोकळे फिरत होते, आणि पॅडल थोडे दाबताच थांबत होते. आर्मचा कोनही आता काटकोनाच्या आत होता. पॅडलबरोबर मागचा तांबडा दिवा लागतो की नाही, हेही पाहून झाले.

तरीही किल्ली हाती आली नाही. नवे लायनर ड्रमशी पुरते जुळलेले नसते. त्याचे काही भाग टेकतात, काही टेकत नाहीत. म्हणून दोन दिवस सकाळी रिकाम्या रस्त्यावर नातीने गाडी मध्यम वेगाने नेली आणि हलक्या पायाने, पुनःपुन्हा, मध्ये विश्रांती देत थांबवली. हळूहळू ब्रेकची पकड वाढत गेली.

ब्रेक दाबल्यावर गाडीची गती जाते कोठे? सृष्टीत काहीच नाहीसे होत नाही. गतीची ऊर्जा घर्षणाने उष्णता होते. स्वार आणि गाडी मिळून वजन २५० किलोग्रॅम धरले आणि वेग ताशी ६० किलोमीटर असला, तर एकदा थांबताना सुमारे ३५ हजार जूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेत ३० अंशांवरचे सुमारे ११५ मिलिलिटर पाणी, म्हणजे एका लहान कपातील चहाचे पाणी, उकळीला येईल. हाच वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर उष्णता निम्मी नव्हे, एकचतुर्थांश होते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक लागल्यानंतर गाडी जितके अंतर जाते, तेही त्याच हिशेबाने वाढते. ताशी ३० च्या वेगात चांगला ब्रेक गाडीला सुमारे ७ मीटरांत थांबवीत असेल, तर ताशी ६० च्या वेगात तिला सुमारे २८ मीटर लागतील. शिवाय धोका दिसून हातपाय हलेपर्यंत जो सुमारे एक सेकंद जातो, त्यात गाडी आणखी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट केला म्हणजे धोकाही दुप्पटच झाला, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

उताराचा हिशेब याहून कडक आहे. तेवढेच वजन १०० मीटर उंचीवरून केवळ ब्रेकच्या जोरावर खाली आणले, तर जवळजवळ अडीच लाख जूल उष्णता होते. पाऊण लिटरहून अधिक पाणी तीत उकळेल. ही सारी उष्णता त्या बंद ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगतो आणि शूंपासून दूर जातो. लायनरची पकडही मंदावते. स्वार दाबत राहतो आणि गाडी मात्र ऐकत नाही. म्हणून घाट उतरताना जाणते लोक खालच्या गिअरचा आश्रय घेतात. मग इंजिनच गाडीला मागे ओढते आणि ब्रेक थंड राहतात. पाण्यातून गाडी नेली तर लायनर भिजून पकड जाते. अशा वेळी सावकाश जात ब्रेक हलकेच दाबून ते सुकवून घ्यावेत.

पुढच्या रविवारी पहाटे नात निघाली. पालघर मागे पडले आणि मनोरच्या वाटेवरील वाघोबा खिंडीचा चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंस रान, पावसाने धुतलेले सागाचे पर्ण, आणि वाटेत वाघोबाचे देऊळ. चढ संपून उतार लागला तेव्हा तिने आजोबांचे बोलणे आठवून गिअर खाली घेतला. एका वळणापलीकडे बकऱ्यांचा कळप रस्ता ओलांडीत होता. त्यांच्यामागे हातात फोक घेतलेला एक लहान मुलगा आपल्याच नादात चालला होता. तिने मूठ आणि पॅडल दोन्ही दाबले. गाडी सरळ रेषेत, न घसरता, कळपापासून बऱ्याच अंतरावर थांबली. मुलाने एकवार वळून पाहिले आणि शेवटचे करडू रस्त्यापलीकडे हाकले. तो रानात दिसेनासा झाला.

काहीच घडले नाही. ब्रेकचे यश नेहमी असेच असते. त्याची बातमी होत नाही, त्याला कोणी हार घालीत नाही. त्या मुलाला गाडीच्या पोटातील नव्या लायनरची वार्ता नव्हती, आणि आठ दिवसांपूर्वी त्या जागी काय होते याचीही नव्हती. रस्त्याने चालणारा प्रत्येक मनुष्य येणाऱ्या वाहनावर असाच न बोलता विश्वास टाकीत असतो. डोक्यावर मोळी घेऊन जाणारी बाई, शाळेला निघालेली मुले, सायकलवर दुधाचे कॅन लादलेला गवळी, यांपैकी कोणीही गाडी थांबवून तिचे चाक उघडून पाहू शकत नाही. ते पाहण्याचे काम त्यांनी, न सांगता, गाडीवाल्याकडे सोपवलेले असते.

आजच्या नव्या गाड्यांत ब्रेकची पुष्कळ सुधारणा झाली आहे. १९६९ साली जपानच्या होंडा कंपनीने आपल्या एका मोठ्या मोटारसायकलला पुढे डिस्क ब्रेक बसवला आणि ती पद्धत जगभर रूढ झाली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला चाक जखडू न देणारी यंत्रणा असणे बंधनकारक झाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरीही डिस्क ब्रेकचे पॅड झिजतातच. त्यातील द्रव हवेतली ओल शोषून घेतो आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावा लागतो. केळव्यासारख्या दमट गावात तर त्याची अधिकच काळजी घ्यावी लागते. यंत्र कितीही शहाणे झाले तरी त्याच्या आत वेळच्या वेळी डोकावून पाहणारा डोळा माणसाचाच असावा लागतो.

माणसाच्या स्वभावालाही असा एक बाहेरचा नट असतो. तो थोडा आवळला की वरवर सर्व ठीक दिसते, आणि काम त्या दिवसापुरते भागते. सपाट रस्ता असेपर्यंत हे खपून जाते. परंतु प्रत्येकाच्या वाटेवर कधी ना कधी खिंडीचा उतार येतोच, आणि वळणापलीकडे कोण चालले आहे हे आधी कळत नाही. त्या उतारावर लागणारे बळ त्याच क्षणी कोठून उसने आणता येत नाही. ते घरच्या पडवीत बसून, हात काळे करून, आधीच मिळवून ठेवावे लागते.